रागाची लायकी

इंग्रजीत रागाला ढीगभर शब्द आहेत. पण लिहिणारा ते सरसकट वाटत नाही. राग कोणाचा, हे पाहून शब्द देते.

‘रेज’ घ्या. त्याचं मूळ लॅटिन ‘राबिएस’. कुत्र्याच्या ‘रेबीज’चंही तेच. म्हणजे पिसाळणं. आता ‘इंडिग्नेशन’ घ्या. त्याच्या पोटात ‘डिग्नस’ आहे, म्हणजे लायक. जे घडते ते माणसाच्या लायक नाही, म्हणून आलेला संताप. बातमीत जमावाच्या वाट्याला ‘रेज’ येते, प्रतिष्ठितांच्या वाट्याला ‘इंडिग्नेशन’. काहून?

आपल्याच जंगलातलं पाहा. १८५४ त इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं, त्यात चांदाही गेला. १८५८ त गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके उठला. एप्रिलात प्राणहितेकाठी तार खात्याच्या तळावर हल्ला झाला, दोन इंग्रज मेले. २१ ऑक्टोबर १८५८ ला बाबुरावला चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली. इंग्रजीत तो ‘रेबेल’. या शब्दाचं मूळ म्हणजे हरलेल्यानं पुन्हा लढाई काढणं. आधी हार धरूनच चालायची! माणूस चिडला कशानं, ते त्या शब्दात कुठंच नाही.

मंग १८६० चा दंडसंहितेचा कायदा आला. तोही इंग्रजीत. त्यात रागाला सवलत आहे : ‘ग्रेव्ह अँड सडन प्रोव्होकेशन’. कोणी भयंकर डिवचलं, तोल गेला, खून झाला, तर गुन्हा खालच्या पायरीवर येऊ शकते. पण राग एकाएकी आलेला पाहिजे. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता लागू झाली, ही अट तीतही आहे. खुनाला सवलत वाढवा असं माझं म्हणणं नाही. पण पाहा, कायद्याला क्षणाचा राग ओळखू येते. बापाकडून पोराकडं आलेल्या रागाला त्याच्याजवळ शब्द नाही.

त्या रागाचं काय करायचं, ते १६ ऑक्टोबर १९५६ ला याच चांद्यात दिसलं. नागपूरनंतर बाबासाहेबांनी इथं धम्मदीक्षा दिली. शतकांचा संताप, आणि कोणाच्या अंगावर ओरखडा नाही. याला ‘रेज’ कसं म्हणाल? ‘सडन’ कसं म्हणाल?

‘तुझी लायकी काय?’ हे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकलं, त्यांच्या संतापाला इंग्रजीत लिहायचं तर ‘इंडिग्नेशन’च लिहा. त्याच्या पोटातला ‘लायक’ आमचा आहे.