विटांच्या खाणीतला समुद्र

वीट भाजायला जळण लागते, हे आपण सारेच जाणतो. पण हे जळण मातीतच असेल तर? इंग्लंडमध्ये पीटरबरो शहराजवळ फ्लेटन नावाचे गाव होते. तेथे १८८० च्या सुमारास वरची सैल माती काढून खोल खणल्यावर करडा, घट्ट थर लागला. त्याच्या विटा भट्टीत एकदा तापल्या, की स्वतःच जळू लागत. कोळसा फारच थोडा लागे.

हा थर म्हणजे 'ऑक्सफर्ड क्ले' या पंकाश्माचा, म्हणजे चिखलापासून बनलेल्या खडकाचा, खालचा भाग. सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वी, जुरासिक काळात, येथे उथळ समुद्र होता. मेलेले सूक्ष्म जीव तळाच्या चिखलात साठत गेले. तेथे ऑक्सिजन कमी असल्याने ते पुरते कुजले नाहीत. विटेतले जळण ते हेच! त्याच चिखलात मोठ्या सागरी प्राण्यांचे सांगाडेही टिकून राहिले.

ते जमवले आल्फ्रेड लीड्स (१८४७–१९१७) या जवळच्याच शेतकऱ्याने. खाणीत मजूर कुदळ-फावड्याने खणत. हाड दिसले की लीड्सला निरोप जाई. तो तुकडे गोळा करून घरी आणी, साफ करी, जुळवी. त्यातली काही मोठी हाडे पाठीवर ढाली असलेल्या डायनोसॉरची असावीत, असे हल्क या तज्ज्ञाला १८८७ मध्ये वाटले. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे मार्श तेथे आले आणि ती माशाची आहेत हे त्यांनी ओळखले. १८८९ मध्ये वुडवर्ड यांनी त्या प्रचंड माशाला लीड्सचे नाव दिले : लीड्सिक्थिस. लीड्सच्या संग्रहातील सागरी सरपटणाऱ्या प्राण्यांवर ब्रिटिश म्युझियमने १९१० व १९१३ मध्ये दोन खंड काढले.

पुढे खाणीत यंत्रे आली. विटा वाढल्या, पण सांगाडे मिळणे कमी झाले. हाडे संपली नव्हती. कुदळ थांबवून पाहणारा माणूस तेथे उरला नव्हता. म्हणूनच आम्हाला वाटते, की या इतिहासात लीड्सइतकाच वाटा त्या मजुरांचाही आहे. त्यांची नावे मात्र कोणत्याही प्राण्याला मिळाली नाहीत.

२००१ साली तेथल्याच एका खाणीच्या उभ्या कडेत पुन्हा लीड्सिक्थिसची हाडे दिसली. ती कोणाला दिसली? भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना. विहिरीच्या किंवा रस्त्याच्या खोदकामाजवळून मुलांना नेताना आपणही क्षणभर थांबावे. थर मोजायला सांगावेत. आधी नजर लागते. नाव नंतर शोधता येते.