बारा खाटांची शाळा

मोठ्या सरकारी रुग्णालयात सकाळच्या वेळी गेलो, तर एक दृश्य हमखास दिसते. एका खाटेभोवती पांढरे कोट घातलेली आठ-दहा मुलेमुली उभी आहेत, मधोमध त्यांचे शिक्षक आहेत आणि खाटेवर एक आजारी माणूस आहे. एकजण त्याच्या पोटावर हात ठेवून यकृत लागते का पाहतो, दुसरी छातीला स्टेथोस्कोप लावते, शिक्षक प्रश्न विचारतात. त्या बोलण्यातले निम्मे खाटेवरच्या माणसाला कळत नाही. डॉक्टर घडतो तो असाच, असे आपण धरून चालतो.

पण युरोपातील विद्यापीठांत कित्येक शतके डॉक्टर असा घडत नव्हता. गेलेन आणि इब्न सिना यांचे ग्रंथ वाचायचे, त्यांवर लॅटिनमध्ये वादविवाद करायचा आणि पदवी घ्यायची. कोणी एखाद्या अनुभवी वैद्याबरोबर हिंडून प्रत्यक्ष रोगी पाही. पण तो ज्याच्या त्याच्या हौशीचा भाग होता. रुग्णालये होती, मात्र ती धर्मादाय आसऱ्याच्या जागा होत्या. तिथे शिकायला जायचे, ही कल्पनाच रूढ नव्हती. ती रूढ कशी झाली आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे आपण पाहू.

दोन खोल्या, बारा खाटा

सोळाव्या शतकात इटलीतील पादुआ येथे जोव्हानी बात्तिस्ता दा मोंते हा प्राध्यापक विद्यार्थ्यांना सान फ्रान्चेस्को रुग्णालयात घेऊन जाई. पुढे ती प्रथा कधी चालू, कधी बंद अशी रखडत राहिली. मात्र पादुआत शिकून गेलेल्या यान हुर्नियस या डच प्राध्यापकाने ती कल्पना लायडनला नेली. १५९१ मध्ये त्याने विद्यापीठाकडे अशा शिक्षणाची मागणी केली. ती मान्य झाली नाही. १६३६ मध्ये त्याचा मुलगा ओटो याने ती प्रत्यक्षात आणली. शहरातील सेसिलिया रुग्णालयात दोन खोल्या मिळाल्या. एकीत पुरुषांच्या सहा खाटा, दुसरीत बायकांच्या सहा. गावातल्या गरीब रोग्यांपैकी शिकवण्याजोगे रोगी निवडून तिथे आणत.

या शाळेत शिकवत कसे, हे शिक्षकांनी मुद्दाम पाहावे असे आहे. १६५८ पासून तिथे शिकवणारा सिल्व्हियस आपल्याला जणू काहीच माहीत नाही अशा थाटात विद्यार्थ्यांसह खाटेपाशी येई. याला काय झाले असावे? कशावरून? उपाय काय? एकेका विद्यार्थ्याला तो विचारी. उत्तरे एकमेकांशी जुळत नसत. मग तो हळूहळू त्यांना नीट उत्तराकडे नेई. रोगी दगावला तर शवविच्छेदन होई आणि खाटेपाशी केलेला अंदाज कितपत खरा होता, ते सर्वांसमोर उघड होई. ग्रंथातले वाक्य चूक ठरवणे कठीण असते. इथे शिष्याचे आणि गुरूचेही म्हणणे चूक ठरू शकत होते. वैद्यकाला विज्ञानाची वाट सापडली ती अशा ठिकाणी.

१७१४ मध्ये या बारा खाटा हर्मन बोरहाव याच्या हाती आल्या. त्याच्या कीर्तीमुळे साऱ्या युरोपातून विद्यार्थी लायडनला येऊ लागले. त्याचा शिष्य फान स्वीटेन व्हिएन्नाला गेला. दुसरा शिष्य जॉन रदरफर्ड एडिंबरोला परतला आणि १७४८ मध्ये तेथील रॉयल इन्फर्मरीत रोग्यांवर आधारित व्याख्याने देऊ लागला. बारा खाटांच्या शाळेच्या अशा शाखा फुटल्या.

पॅरिसची भर

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर, डिसेंबर १७९४ मध्ये, पॅरिसला नव्या पद्धतीची वैद्यकीय शाळा निघाली. पुस्तक कमी, पाहणे आणि करणे जास्त, असे तिचे धोरण होते. लायडनला बारा खाटा होत्या. पॅरिसच्या रुग्णालयांत हजारो. एकाच रोगाचे शंभर रोगी शेजारी-शेजारी पाहायला मिळाले की दोन गोष्टी घडतात. पहिली म्हणजे रोगाची खूण शोधण्याची नवी साधने निघतात. १८१६ मध्ये लेनेकने कागदाची गुंडाळी छातीला लावून हृदयाचे ठोके ऐकले, त्यातूनच स्टेथोस्कोप आला. दुसरी म्हणजे मोजता येते. पिएर लुई याने न्यूमोनियाच्या रोग्यांच्या नोंदी मोजून दाखवून दिले, की रक्त काढण्याच्या पिढीजात उपायाचा गुण समजला जातो त्याहून फारच थोडा आहे.

एडिंबरो आणि पॅरिस या दोन्ही वाटा मुंबईत एकत्र आल्या. एडिंबरोला पदवी घेतलेला आणि पॅरिसला लुईच्या हाताखाली शिकलेला डॉ. चार्ल्स मोरहेड हा १८४५ मध्ये सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजचा पहिला प्राचार्य. शेजारीच सर जमशेदजी जीजीभॉय रुग्णालय उभे राहिले होते. वर्ग आणि वॉर्ड जवळजवळ हवेत, हा मोरहेडचा आग्रह. १८५१ मध्ये उत्तीर्ण झालेल्या पहिल्या तुकडीत डॉ. भाऊ दाजी लाड होते. एल्फिन्स्टन संस्थेत विज्ञान शिकवणारा हा शिक्षक वॉर्डात पुन्हा विद्यार्थी झाला. लायडनला रोग्याभोवती लॅटिन बोलले जाई. इथे शिकवणे इंग्रजीत आणि रोगी बोलणार मराठीत किंवा गुजरातीत. रोग्याची हकीकत त्याच्याच भाषेत ऐकू शकणारे हे विद्यार्थी होते.

व्हिएन्नाचे दोन विभाग

मुंबईत ही पहिली तुकडी शिकत होती, त्याच वर्षांत व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात या शिक्षणपद्धतीची दुसरी बाजू उघडी पडली.

तिथे प्रसूतीचे दोन विभाग होते. गरीब बायकांना फुकट उपचार मिळत. बदल्यात त्यांनी शिकणाऱ्यांना तपासू द्यायचे, असा व्यवहार होता. १८४० पासून पहिल्या विभागात वैद्यकीय विद्यार्थी आणि दुसऱ्यात शिकाऊ सुइणी अशी विभागणी झाली. दाखल करून घेण्याचे दिवस ठरलेले असत. पहिल्या विभागाचा दिवस निघाला की बायका दुसऱ्यात घेण्यासाठी रडत, हातापाया पडत. त्यांचे काय म्हणणे होते, ते नोंदवहीत दिसते. १८४६ साली पहिल्या विभागात ४,०१० प्रसूती झाल्या आणि ४५९ माता दगावल्या, म्हणजे ११.४ टक्के. दुसऱ्यात ३,७५४ प्रसूती आणि १०५ मृत्यू, म्हणजे २.८ टक्के. कारण बहुतेक वेळा एकच, बाळंतज्वर.

हवा तीच, इमारत तीच, गर्दी उलट दुसऱ्या विभागात जास्त. मग फरक कशाचा? चौकशी समितीने ठरवले की विद्यार्थी, विशेषतः परदेशी, धसमुसळेपणाने तपासतात. विद्यार्थ्यांची संख्या ४२ वरून २० केली गेली. मृत्यू काही काळ घटले आणि पुन्हा वाढले.

इग्नाझ सेमेलवाइस हा तिथला तरुण सहायक. मार्च १८४७ मध्ये त्याचा मित्र, प्राध्यापक कोलेट्श्का, शवविच्छेदनाच्या वेळी विद्यार्थ्याची सुरी बोटाला लागून मरण पावला. त्याच्या शरीरात दिसलेल्या खुणा बाळंतज्वराने गेलेल्या बायकांसारख्याच होत्या. सेमेलवाइसला धागा सापडला. विद्यार्थी आणि त्यांचे शिक्षक सकाळी शवविच्छेदन करून थेट प्रसूतिविभागात येत. सुइणींना शवविच्छेदन नव्हते. मे महिन्यात त्याने क्लोरीनच्या द्रावणात हात धुणे सक्तीचे केले. १८४८ साली पहिल्या विभागात ३,५५६ प्रसूतींमागे ४५ मृत्यू झाले. टक्केवारी १.२७, दुसऱ्या विभागाच्या बरोबरीची.

या कथेतला एक भाग सहसा सांगितला जात नाही. सेमेलवाइसने जुन्या वह्या चाळल्या तेव्हा दिसले, की १८२२ पर्यंत याच रुग्णालयात मृत्यू सव्वा टक्क्याच्या आसपास होते. तेव्हाचा प्रमुख बोअर प्रसूतीचा सराव प्रेतांवर करू देत नसे. तो पुतळ्यावर शिकवी. त्याच्यानंतर आलेल्या क्लाइनने प्रेतांवर सराव सुरू केला आणि आकडे चढले. म्हणजे शिक्षण अधिक 'शास्त्रीय' झाले आणि माता मरू लागल्या. विद्यार्थ्यांवर देखरेख नव्हती असे नाही. देखरेख करणाऱ्यांचेच हात तसे होते.

सेमेलवाइसचे म्हणणे त्याच्या वरिष्ठांना पटले नाही. १८४९ मध्ये त्याची नेमणूक संपली, ती वाढवली गेली नाही. त्याचा ग्रंथ १८६१ मध्ये आला आणि १८६५ मध्ये तो मरण पावला.

मग खाटेपाशी शिकूच नये का? आम्हाला तसे वाटत नाही. ज्या पद्धतीने हे संकट आणले, तिनेच त्याचा शोध लावण्याचे साधनही दिले होते. अनेक रोगी एका जागी, त्यांची रोजची नोंद आणि शेजारी तुलनेसाठी दुसरा विभाग, हे सारे शिकवणाऱ्या रुग्णालयातच शक्य होते. उणीव होती ती स्वतःच्या हातांवर शंका घेण्याची.

आपल्या देशात २०१९ पासून एम.बी.बी.एस.चा नवा अभ्यासक्रम आला. त्यात पहिल्या वर्षापासूनच विद्यार्थी रोग्यांना भेटतो. पण काही कौशल्ये आधी पुतळ्यावर गिरवायची, अशी सोय आहे. रोग्याशी कसे बोलावे, त्याची परवानगी कशी घ्यावी, हेही शिकवायचा विषय झाले आहे. बोअरचा पुतळा परत आला, असे म्हणायला हरकत नाही.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. १८४६ चे दोन विभागांचे आकडे फळ्यावर लिहा. हात धुण्याविषयी काही सांगू नका. दोन्ही विभागांत काय सारखे आणि काय वेगळे, हे मुलांना विचारायला लावा आणि तुम्ही सिल्व्हियससारखे काहीच माहीत नसल्याचे सोंग घ्या. मुले हवा म्हणतील, गर्दी म्हणतील, पुरुष विद्यार्थी म्हणतील. प्रत्येक उत्तर कसे तपासता येईल, ते विचारा. आणि तास संपण्यापूर्वी हेही सांगा, की त्या ४५९ बायकांची संमती कोणी घेतली नव्हती.