सुगीनंतरची रपेट

आम्ही गोव्याची माणसं घोडा पाहतो तो शिगम्यात. डिचोली-सत्तरीच्या गावांतून घोडेमोडणी निघते. कमरेला लाकडी घोडा बांधलेले, डोक्याला फेटा आणि हातात तलवार घेतलेले गडी ढोल-ताशाच्या तालावर पुढे-मागे नाचतात. कधीकाळच्या घोडदळाची ही आठवण असं म्हणतात. खरा घोडा दौडवायला आमच्याकडे जागाच कुठे आहे? एका बाजूला खाजनाचे बांध, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि मध्ये गुडघाभर चिखल. त्यामुळे मोकळ्या रानात घोडा भरधाव सोडणं म्हणजे काय, हे मला कळलं ते बडोद्याला, आणि तेही उतारवयाच्या उंबरठ्यावर.

बडोद्यातल्या दांडिया बाजारात आमचे एक काका राहतात. काका म्हणजे नात्याने नव्हे, स्नेहाने. घर पूर्वापार मराठी, पूर्वज गायकवाडांच्या फौजेत शिलेदार. आता घरात घोडा नाही, पण भिंतीवर एक जुनी रिकीब टांगलेली आहे आणि काकांच्या बोलण्यात पागा, चंदी, मोतद्दार हे शब्द सहज येतात. मार्गशीर्षातल्या एका पहाटे ते मला म्हणाले, "चला, तुम्हाला बडोदं दाखवतो. राजवाडा नंतर." आणि डभोईच्या बाजूच्या एका गावात घेऊन गेले.

तिथे त्यांच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडे दोन काठियावाडी घोड्या होत्या. या जातीचे कान पाहण्यासारखे असतात. आत वळून त्यांची टोकं एकमेकांना भिडतात, जणू जनावर सतत काहीतरी ऐकतंय. पुण्यात शिकत असताना मी थोडीफार रपेट केली होती, तेवढ्या भांडवलावर बसलो. बाजरी काढून झालेली, धसकटं उरलेली, हवेत थंडी. आधी दुडकी, मग लगाम जरा सैल सोडला आणि घोडीने जमीन अशी मागे टाकली की माझे डोळे पाण्याने भरले. कानात फक्त वारा आणि टापा. भीती वाटत होती, आणि हे संपू नये असंही वाटत होतं.

परत आलो तर शेतकरी हसत नव्हता. शेजारच्या तुकड्यात कापूस अजून उभा होता, वेचणी बाकी होती. त्याने बोट दाखवून आपल्या गुजरातीत सांगितलं, त्याचा अर्थ एवढाच : या बाजूला दौडवा, त्या बांधाच्या पलीकडे घोडीचं पाऊल जाता कामा नये. मी मान हलवली. पण त्या बांधाने मला पुढचे कित्येक दिवस सोडलं नाही.

कारण बडोद्याचं राज्य उभं राहिलं तेच मुळी या ऋतूवर. पावसाळ्यात गुजरातची काळी माती घोड्याला पोटापर्यंत गिळते. पाऊस सरला, नद्या उतरल्या, दसरा झाला की सीमोल्लंघन. रानं मोकळी होत जातात, कडबा आणि दाणा मिळतो, घोड्याला वाट आणि वैरण एकदमच लाभते. पिलाजी गायकवाडांनी 1719 च्या सुमारास तापीकाठच्या सोनगडला तळ केला तो अशाच दौडींच्या बळावर. 1732 मध्ये डाकोरला त्यांचा घात झाला, पण दोन वर्षांत बडोदं कायमचं गायकवाडांकडे आलं.

मग आली काठियावाडची मुलूखगिरी. हा शब्द आपण बखरींत वाचतो तेव्हा छाती फुगते. प्रत्यक्षात ती वसुली होती. खंडणी सुखासुखी कोणी देत नसे, म्हणून फौज निघायची ती पिकं हाताशी आलेली असताना. उभं पीक हेच ओलीस. पैसे द्या, नाहीतर घोडी शिवारात शिरतील. फोर्ब्ज साहेबाने 1856 च्या आपल्या 'रासमाळा' ग्रंथात याचं वर्णन केलंय. तो इंग्रज होता, तेव्हा थोडं मीठ लावलं असेल असं म्हणून मी ते बाजूला सारणार होतो. पण बांधाकडे दाखवणारं ते बोट आठवलं.

आणि आपल्याच घरातला साक्षीदार आहे की. 1673 मध्ये चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना शिवाजी महाराजांनी लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. दाणा-वैरण जपून वापरा, पावसाळ्याआधीच संपवलीत तर घोडी मरतील आणि तुम्ही रयतेला ओरबाडायला लागाल, असा त्याचा आशय. घोडदळाचा सगळा भार शेवटी कुणाच्या शेतावर पडतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पुढच्या दीडशे वर्षांत हे पत्र किती जणांनी मनावर घेतलं, हा प्रश्न आपण मराठी माणसं स्वतःला फारसा विचारत नाही.

1807 मध्ये बडोद्याचा रेसिडेंट कर्नल वॉकर गायकवाडांच्या फौजेबरोबर काठियावाडात गेला. मोरबीजवळ घुंटू इथे तळ पडला आणि तिथे संस्थानिकांची खंडणी कायमची ठरवून टाकण्याचं काम सुरू झालं. दरसाल फौज नेण्याचं कारणच उरलं नाही. 1820 मध्ये तर इंग्रजांच्या संमतीशिवाय तिथे फौज पाठवणार नाही असं गायकवाडांनी कबूल केलं. स्वातंत्र्य गेलं हे खरंच. पण काठियावाडातला शेतकरी त्या वर्षी रडला असेल, असं मला वाटत नाही.

घोडा मग शौकाचा झाला. खंडेराव महाराज शिकारीचे वेडे, त्यांनी मकरपुऱ्याला वाडा बांधला. चित्ते काळविटांवर सोडायचे आणि मागे धावायचं, हा बडोद्याचा प्रसिद्ध खेळ. फ्रेंच प्रवासी लुई रूसले 1860 च्या दशकात त्यांचा पाहुणा होता, त्याने तो लिहून ठेवलाय.

खंडेरावांच्या विधवा महाराणी जमनाबाईंनी 27 मे 1875 रोजी दत्तक घेतला तो नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा, गायकवाडांच्याच दूरच्या शाखेतला बारा वर्षांचा गोपाळ. शेतकऱ्याचं पोर, अक्षरओळख नाही. बडोद्यात त्याला लिहा-वाचायला शिकवलं तसंच घोड्यावर बसायलाही. तोच सयाजीराव. सयाजीबागेपाशी त्यांचा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा आहे, डरवेंट वूड या इंग्रज शिल्पकाराने केलेला, 1907 चा. बडोदेकर त्याला नुसतं 'काळा घोडा' म्हणतात. रिक्षावाल्याला महाराजांचं नाव सांगून उपयोग नाही, घोडा सांगावा लागतो.

याच महाराजांनी 1893 मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा पहिला प्रयोग केला तो अमरेली तालुक्यात. अमरेली म्हणजे काठियावाडातलं गायकवाडांचं ठाणं. विठ्ठलराव देवाजींसारखे मुलूखगिरी चालवणारे सरदार तिथूनच कारभार बघत.

हे सगळं काकांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमच्या पणजोबांनी कुणाचं शेत तुडवलं असेल, ते काही कागदात नाही. रिकीब मात्र आहे." दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा त्या गावी गेलो. या खेपेला मी घोडी बांधापासून चांगली दोन शेतं लांब ठेवली, आणि तरीही सोडली भरधावच.