जिनच्या बाटलीतला काढा

"डॉक्टर, ही जिन जंगली वनस्पतींपासून बनवलेली आहे, मग थोडी चालेल ना?" असं विचारणारे रुग्ण हल्ली भेटतात. गोव्याहून येताना क्राफ्ट जिनची बाटली आणण्यात आता नवल राहिलेलं नाही. लेबलवर पानाफुलांची चित्रं असतात आणि घटकांची यादी वाचली तर काढ्याची पुडीच वाटावी. या प्रश्नाला मी हसण्यावारी नेत नाही, कारण जिन खरोखरच औषधांच्या कपाटातून बाहेर आलेली आहे.

जिनचा मुख्य घटक म्हणजे जुनिपरची फळं. आयुर्वेदातली हपुषा ती हीच. नेदरलँड्समध्ये धान्याच्या दारूत ही फळं घालून 'येनेव्हर' करत. इंग्रजांनी ते नाव आखूड करून 'जिन' केलं. लघवी साफ व्हावी, पोटातला वायू सरावा म्हणून ती दिली जाई. लायडनचे वैद्यकाचे प्राध्यापक फ्रान्सिस्कस सिल्व्हियस यांनी तिचा शोध लावला, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. मेंदूतल्या एका खाचेला आम्ही सिल्व्हियन फिशर म्हणतो, ते हेच सिल्व्हियस. पण त्यांचा जन्म १६१४ चा आणि १६२३ मध्ये छापलेल्या एका इंग्रजी नाटकात या पेयाचा उल्लेख सापडतो. नऊ वर्षांचं पोर दारू गाळत होतं हे मानायला मी तयार नाही! १६६३ मध्ये लंडनचा रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स याचं पोट साफ होईना, तेव्हा त्याच्या सहकाऱ्यांनी त्याला जुनिपरचा अर्कच सुचवला होता.

पुढे लंडनमध्ये या औषधाचं व्यसन झालं. १६८९ नंतर फ्रेंच ब्रँडीवर बंदी आली आणि इंग्लंडमध्ये धान्यापासून दारू गाळायला मोकळीक मिळाली. जिन इतकी स्वस्त झाली की गरीब वस्त्या तिच्यात बुडाल्या. १७२६ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने संसदेपुढे तक्रार नेली. त्यात दारू पिणाऱ्यांची मुलं दुबळी आणि रोगट जन्मतात, असंही म्हटलं होतं. आमच्या व्यवसायातल्या लोकांनी एवढ्या आधी हे हेरलं होतं, याचं मला फार कौतुक वाटतं. १७३६ चा कडक कायदा फसला. १७५१ च्या कायद्याने किरकोळ विक्रीला चाप बसला. त्या काळी जिनमध्ये चक्क टर्पेंटाइन मिसळत, तेच रंगकामातलं. ते खपून जायचं, कारण पायनीन नावाचं वासाचं द्रव्य जुनिपरमध्येही असतं आणि टर्पेंटाइनमध्येही.

आता आजच्या बाटलीकडे येऊ. स्कॉटलंडच्या आयला बेटावर 'द बोटॅनिस्ट' नावाची जिन बनते. तिच्यासाठी बेटावरच्या २२ वनस्पती हाताने गोळा करतात. मी ती पाणी घालून चाखली आहे. आधी पुदिना आणि लिंबाच्या सालीसारखा वास येतो, मग काहीसं फुलांचं, आणि शेवटी जिभेवर राळेसारखा कोरडेपणा राहतो. चव छान आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

त्या २२ मध्ये मेडोस्वीट नावाचं पांढऱ्या फुलांचं झुडूप आहे. त्याचं जुनं लॅटिन नाव स्पायरिया, आणि १८९९ मध्ये ॲस्पिरिनचं नाव ठेवलं गेलं ते त्यावरूनच. मगवर्टही आहे, त्याच्याच एका बहिणीपासून मलेरियावरचं आर्टेमिसिनिन मिळालं. मग ही जिन औषधी झाली का? नाही. गाळताना दारूची वाफ या पाल्यातून जाते आणि वास देणारी हलकी तेलं तेवढी सोबत नेते, तीही लेशमात्र. बाकीचं बहुतेक पाल्यातच राहतं. सुगंध बाटलीत येतो, औषधाचा डोस येत नाही.

टॉनिक वॉटरचीही तीच कथा. हिंदुस्थानातल्या साहेबांनी कोयनेलचा कडूपणा झाकायला जिन घातली, असं सांगतात. आजच्या टॉनिकमध्ये अमेरिकी नियमानुसार लिटरला जास्तीत जास्त ८३ मिलिग्रॅम कोयनेल चालतं. मलेरियासाठी प्रौढाला एका वेळी साधारण ६०० मिलिग्रॅम लागतं, म्हणजे सात लिटरहून जास्त टॉनिक, तेही दिवसातून तीनदा!

बाटलीत भरपूर असतो तो अल्कोहोल. या जिनमध्ये तो ४६ टक्के आहे. ६० मिलीच्या पेगमध्ये सुमारे २२ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातो, आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीत सुमारे २० ग्रॅम. यकृताला हे ग्रॅम तेवढे कळतात, पानंफुलं नाहीत. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर उपाशीपोटी दारू घेतल्यावर धोकादायक खाली येऊ शकते. झोपेच्या गोळ्यांबरोबर तर कुठलीच दारू नको. साध्या टॉनिकमध्ये साखर असते, हे मधुमेहींनी ध्यानात ठेवावं. आणि कोयनेलमुळे पूर्वी कधी प्लेटलेट कमी झाल्या असतील, तर जिनशिवाय नुसतं टॉनिकही घेऊ नका.