बाळूंना न मिळालेलं कप्तानपद

मरीन ड्राइव्हवरून जाताना आपण जिमखान्यांच्या पाट्या वाचतो: हिंदू, पारशी, इस्लाम. मुंबईचं क्रिकेट असं धर्मवार संघांतून वाढलं. पण हिंदू संघाच्या आत काय चालत होतं, हे आपण क्वचितच विचारतो. पालवणकर बाळू, चर्मकार घरातले डावखुरे फिरकी गोलंदाज. मुंबईला येण्याआधी पुण्यात खेळत, तेव्हा त्यांना चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. चेंडूला मात्र विटाळ नव्हता! १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी सगळे सामने धरून ११४ बळी घेतले. तरीही हिंदूंचं कप्तानपद त्यांना दिलं गेलं नाही. १९२० साली विठ्ठल आणि शिवराम या भावांनी निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतलं. १९२३ साली विठ्ठलच कप्तान झाले, आणि हिंदूंनी युरोपियनांना हरवलं.