पाइपलाइनवरचा हवेचा व्हॉल्व्ह : कोठे बसवावा, कसा बसवावा

नांदेड जिल्ह्यातील कंधार, लोहा, मुखेड आणि लातूर जिल्ह्यातील अहमदपूर, चाकूर हा सारा पट्टा बालाघाटच्या डोंगररांगांचा. येथे विहीर ओढ्याकाठी किंवा तलावाखाली आणि शेत मात्र टेकाडापलीकडे, अशी अनेकांची स्थिती असते. त्यामुळे जमिनीत पाइपलाइन गाडून किलोमीटर-दोन किलोमीटर पाणी वाहून नेणे हे या भागातील शेतीचे नित्याचे अंग झाले आहे. नांदेडजवळच्या विष्णुपुरी प्रकल्पासारख्या मोठ्या उपसा योजनेची आखणी अभियंते करतात. शेतकऱ्याच्या पाइपलाइनची आखणी मात्र चर खोदणारा आणि पाइप विकणारा दुकानदार मिळून करतात. मोटर, पाइप, स्टार्टर यांवर मोठा खर्च होतो आणि त्या मानाने किरकोळ किमतीची एक झडप राहून जाते. ती म्हणजे हवेचा व्हॉल्व्ह, शेतकऱ्यांच्या भाषेत ‘एअर व्हॉल्व्ह’. गावाकडे शेती असलेल्या शहरातील अनेक कुटुंबांना पाइप फुटल्याचे निरोप वारंवार येतात. त्यातील बऱ्याच निरोपांचे मूळ या राहून गेलेल्या झडपेत असते.

मोटर बंद असताना पाइपलाइन रिकामी आहे असे म्हटले जाते, पण ती रिकामी नसते. तिच्यात हवा भरलेली असते. ९० मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपच्या एक किलोमीटर लांबीत सुमारे साडेपाच हजार लिटर हवा मावते. मोटर सुरू होताच ही हवा पाण्यापुढे ढकलली जाते. जमीन सरळ चढाची असेल तर ती दुसऱ्या तोंडाने निघून जाते. वाटेत उंचवटा असेल, तर पाणी उताराच्या बाजूने पातळ धारेने खाली घसरते आणि हवा उंचवट्यावर व त्यापुढील उतारात अडकून राहते. असा उतार आठ मीटर खोलीचा असेल आणि तो पूर्णपणे हवेने भरलेला असेल, तर पंपाला ते आठ मीटर जास्तीचे उचलावे लागतात. असे दोन-तीन उंचवटे एका रेषेत आले की त्यांची बेरीज होते. मोटर धडधडत असते आणि शेवटच्या तोंडाशी पाणी गुळण्या टाकत येते. पुष्कळदा या अवस्थेत मोटर कमी पडते असा निष्कर्ष काढून पाच अश्वशक्तीच्या जागी साडेसात अश्वशक्तीची मोटर बसवली जाते. रोग हवेचा आणि औषध मोटरीला, असा हा प्रकार आहे.

दुसरा धोका वीज जाण्याच्या क्षणी उद्भवतो. शेतीच्या वीजवाहिनीवर पाळीपाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री, वीज मिळण्याची मराठवाड्याला गेल्या अनेक वर्षांची सवय आहे. रात्री उठून विहिरीवर जाणे नको म्हणून स्टार्टरला ‘ऑटो’ जोडलेला असतो. वीज आली की मोटर आपोआप सुरू, गेली की आपोआप बंद. पण पाइपमधील पाण्याला एकाएकी थांबता येत नाही. वेगातील पाणी अडले की दाबाची लाट उठते आणि ती पाइपमधून पुढे-मागे धावते. यालाच पाण्याचा हातोडा म्हणतात. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्की याने मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून १८९८ मध्ये त्याचे गणित मांडले. पातळ पीव्हीसी पाइपमध्ये ही लाट सेकंदाला साधारण तीनशे मीटर वेगाने जाते. पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने वाहत असताना अचानक थांबले, तर दाबात सुमारे ३० मीटर पाण्याच्या उंचीइतकी, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ३ किलोची भर पडते. बाजारात ‘चार केजी’ म्हणून मिळणारा पाइप ४० मीटर उंचीचा दाब सोसण्यासाठी असतो. मुळात ३० मीटरचा चढ असलेल्या लाइनवर हा पाइप टाकला तर एरवी तो वर्षानुवर्षे टिकेल, पण हातोड्याच्या क्षणी त्याच्यावर ६० मीटरचा भार येतो. सांधे उचकटतात ते अशा वेळी, आणि ते बहुधा रात्री. सकाळी कोणी शेताकडे जाईपर्यंत विहिरीतले पाणी वाहून गेलेले असते. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या प्रदेशात एका रात्रीच्या पाण्याची किंमत वेगळी सांगायला नको.

वीज गेल्यावर आणखी एक गोष्ट घडते. उंचवट्यावरील पाणी दोन्ही बाजूंच्या उतारांनी खाली ओढले जाते आणि माथ्यावर निर्वात पोकळी तयार होते. बाहेरची हवा आत शिरायला वाट नसेल तर पातळ पाइप चपटा होऊ शकतो. ढिल्या सांध्यांतून चिखल आत खेचला जातो. पुढे ठिबकच्या नळ्या असतील तर त्यांच्या छिद्रांतून माती आत जाते आणि नंतर ठिबक तुंबल्याची तक्रार सुरू होते. म्हणून चांगल्या व्हॉल्व्हचे काम दुहेरी असते : भरताना हवा सोडणे आणि रिकामे होताना हवा घेणे.

जागेचा प्रश्न

व्हॉल्व्ह कोणत्या कंपनीचा यापेक्षा तो कोठे बसवला हा प्रश्न मोठा आहे. याचे उत्तम उदाहरण शेतीशी काडीचाही संबंध नसलेल्या एका वस्तूत सापडते. थंड समुद्रात उतरणारे पाणबुडे ‘ड्रायसूट’ नावाचा जलरोधक पोशाख घालतात. मालवणच्या उबदार समुद्रात त्याची गरज पडत नाही, स्वीडन किंवा ब्रिटनच्या किनाऱ्यावर पडते. या पोशाखात अंगाभोवती हवा असते. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो; तेथील हवा वर येताना फुगून दुप्पट होते. ती वेळीच बाहेर गेली नाही तर पाणबुड्या फुग्यासारखा वेगाने वर फेकला जातो आणि ते जिवावर बेतू शकते. त्यासाठी पोशाखाला हवा सोडणारी झडप असते आणि ती बहुधा डाव्या दंडावर बसवलेली असते. वर येताना उभ्या राहिलेल्या पाणबुड्याचा दंड हा उंच भाग, हवा तेथे जमते. तोच पाणबुडा पाय वर करून उलटा झाला तर हवा पावलांकडे जाते आणि दंडावरची तीच चांगली झडप निरुपयोगी ठरते. हौशी पाणबुडे ही झडप घरच्या घरीही बदलतात, पण दंडावरची जागा सोडून सोयीच्या ठिकाणी ती कोणी लावत नाही.

शेतात मात्र नेमके तेच होते. व्हॉल्व्ह विहिरीजवळ बसवला जातो, कारण तेथे पाइप उघडा असतो आणि खोदावे लागत नाही. हवा मात्र दूर टेकाडावर अडकलेली असते. पाइपलाइनचा प्रत्येक माथा, आणि चढ संपून तीव्र उतार जेथे सुरू होतो तो बिंदू, ही व्हॉल्व्हची खरी जागा. लांबच लांब सपाट लाइन असेल तर साधारण चारशे ते आठशे मीटरवर एक व्हॉल्व्ह असावा.

माथा डोळ्यांनी ठरवू नये. काळ्या रानातला हलका चढ नजरेला फसवतो. गवंड्याकडील पारदर्शक लेव्हल पाइप आणि दोन माणसे एवढ्यावर काम होते. खुंट्या रोवत पंधरा-वीस मीटरच्या टप्प्यांनी उंची मोजत जावे. गमतीचा भाग असा, की या लेव्हल पाइपमध्ये एखादा बुडबुडा राहिला तर त्याचेही माप चुकते. हवा काढण्याची जागा शोधायची, तर आधी शोधण्याच्या साधनातली हवा काढावी लागते.

प्रकार आणि जोडणी

मोठ्या छिद्राचा व्हॉल्व्ह पाइप भरताना भराभर हवा सोडतो आणि एकदा पाणी आले की मिटतो. नंतर दाबाखाली साठणारी हवा त्याला काढता येत नाही. लहान छिद्राचा व्हॉल्व्ह ती थोडी थोडी काढत राहतो. दोन्ही कामे करणारा दुहेरी व्हॉल्व्ह थोडा महाग असला तरी माथ्यावर तोच घ्यावा. साधारणतः ६३ किंवा ७५ मिलिमीटरच्या पाइपला एक इंची, ९० ते ११० ला एक ते दीड इंची आणि त्याहून मोठ्याला दोन इंची व्हॉल्व्ह वापरतात.

याला एक गावठी पर्याय आहे आणि तो मुळीच कमी दर्जाचा नाही. माथ्यावर ‘टी’ टाकून त्यावर उघडा उभा पाइप लावायचा, वरचे तोंड खाली वळवायचे. त्यात हलणारा भाग नाही, त्यामुळे बिघडणारेही काही नाही. अट एकच : त्या जागी पाण्याचा दाब जितका मीटर वर चढतो त्याहून उभा पाइप मीटरभर उंच हवा. माथ्यावर दाब चार-पाच मीटरचाच असेल तर हे उत्तम. वीस मीटर असेल तर उभा पाइप शक्य नाही, व्हॉल्व्हच हवा. पुढचे सगळे नळ कोणी बंद केले तर याच पाइपमधून कारंजे उडते, ही त्याची अडचण म्हणता येईल आणि सुरक्षितताही.

जोडणी कठीण नाही. मोटर बंद करून ‘ऑटो’ काढून ठेवावा. हे न करता चरात हात घालू नये. लाइन रिकामी करून माथ्यावरचा पाइप दोन-तीन फूट उघडा करावा. पाइप कापून योग्य मापाची ‘टी’ बसवणे हा पक्का मार्ग. दुसरा मार्ग सॅडलचा : रबरी रिंग असलेली सॅडल पाइपवर आवळून तिच्या तोंडातून होल-सॉने भोक पाडायचे. अनेक ठिकाणी लोखंडी सळई तापवून भोक पाडले जाते. त्याने भोकाच्या कडा जळून वेड्यावाकड्या होतात आणि पाइप तेथेच तडकतो. सोल्व्हंट लावण्यापूर्वी सांध्याचे दोन्ही भाग कोरडे व स्वच्छ हवेत. जोडताना पाव फेरा फिरवून अर्धा मिनिट दाबून धरावे आणि चोवीस तास लाइनवर दाब देऊ नये. दुसऱ्या दिवशी पाळीची वीज येणार म्हणून ही शेवटची सूचना हमखास मोडली जाते.

‘टी’वर छोटा उभा तुकडा, त्यावर बॉल व्हॉल्व्ह आणि सर्वांत वर हवेचा व्हॉल्व्ह, अगदी उभा. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे चार-पाच वेढे देऊन हाताने घट्ट करावे. पाइप पान्याचा जोर प्लॅस्टिकच्या आट्यांना सोसत नाही. मधला बॉल व्हॉल्व्ह दुरुस्तीपुरता असतो. तो बंद करून विसरला, तर वरची झडप असून नसल्यासारखी. भोवती विटांचे छोटे चौकोनी कुंड करावे, नाही तर पहिलाच ट्रॅक्टर ती मोडून नेतो. कुंडात पावसाचे पाणी साठू नये, कारण मोटर बंद होताना झडप तेच पाणी आत ओढते. पाइपलाइनचे पाणी वस्तीवर पिण्यासाठी जात असेल तर ही बाब गंभीर आहे.

पहिल्यांदा लाइन भरताना विहिरीजवळचा व्हॉल्व्ह पावच उघडावा. माथ्यावर हवेचा फुत्कार ऐकू येतो, मग आतला तरंगता गोळा वर येऊन तोंड मिटते. तोंडातून थेंब गळत राहिले तर रबराखाली वाळूचा कण अडकलेला असतो. टोपण उघडून धुतले की बहुधा भागते. गळते म्हणून तोंड चिंधीने बांधून टाकणे म्हणजे कुकरची शिट्टी दाबून धरण्यासारखेच. मोटर बंद केल्यावर हवा आत ओढल्याचा आवाज यायला हवा. तो आला नाही तर झडप अर्धेच काम करते आहे.

हवेचा व्हॉल्व्ह पाण्याच्या हातोड्याचा सगळा भार घेत नाही. चढ मोठा असेल तर पंपाजवळ, नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या पुढे, स्प्रिंगचा दाबमुक्ती व्हॉल्व्हही बसवतात. तो नेहमीच्या दाबाहून थोडा वर, पण पाइपच्या क्षमतेच्या आत उघडेल असा लावायचा आणि त्याचे पाणी परत विहिरीत सोडायचे. ‘ऑटो’मध्ये वीज आल्यानंतर काही मिनिटांनी मोटर सुरू होण्याची सोय असेल तर ती वापरावी, लाट शांत होण्याआधी पुन्हा सुरू झालेली मोटर पाइपला सर्वांत घातक असते. सौर पंपांची स्थिती थोडी वेगळी आहे. सूर्य वर येईल तसा पंपाचा वेग हळूहळू वाढतो, त्यामुळे सकाळचा धक्का बसत नाही. पण फुटव्हॉल्व्ह किंचित गळका असला तरी रात्रभरात लाइन रिकामी होते आणि तीच साडेपाच हजार लिटर हवा दररोज सकाळी टेकाडावरून बाहेर काढावी लागते.