बाह्य ट्रिगरचा पूर्वेतिहास : बाष्पकोठी ते कोलार

डेटा ॲक्विझिशन कार्डावर बाह्य ट्रिगरसाठी स्वतंत्र टोक असते. नोंद केव्हा घ्यावयाची, हे तेथे बाहेरून येणारा स्पंद ठरवितो. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत ही केवळ जोडणीची बाब समजली जाते. ती मूलतः निवडीची बाब आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

सी. टी. आर. विल्सन यांनी १९११ मध्ये बाष्पकोठीत विद्युत्भारित कणांचे मार्ग छायाचित्रित केले. कोठीतील वायूचे एकाएकी प्रसरण केले की कणाच्या वाटेवरील आयनांवर जलबिंदू जमतात व रेषा दिसते. विश्वकिरणांचा कण केव्हा येईल हे मात्र अज्ञात असल्याने प्रसरण अंदाजाने करावे लागे आणि बहुतेक छायाचित्रे कोरी निघत.

यावरील उपाय इटलीतून आला. फ्लॉरेन्स येथे ब्रूनो रॉसी यांनी १९३० मध्ये निर्वात नळ्यांचे असे मंडल सिद्ध केले, की अनेक गायगर काउंटर एकाच वेळी स्पंदले तरच ते संकेत देई. त्यांचे सहकारी ज्युसेप्पे ओक्कियालिनी १९३१ मध्ये केंब्रिजला गेले. तेथे त्यांनी पॅट्रिक ब्लॅकेट यांच्यासमवेत कोठीच्या वर एक व खाली एक काउंटर बसविला. दोन्हींतून कण गेला तरच प्रसरण होई. १९३२ मध्ये सुमारे तीन-चतुर्थांश छायाचित्रांत मार्ग उमटू लागले.

वस्तुतः संकेत मिळेपर्यंत कण निघून गेलेला असे. प्रसरणास सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागे; तेवढा वेळ आयन जागेवर रेंगाळत, म्हणूनच पद्धत साधली. आजच्या कार्डातील प्री-ट्रिगर स्मृती जे काम करते, ते तेव्हा आयनांनी केले! ब्लॅकेट यांना १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. समकालिकतेच्या पद्धतीसाठी वाल्टर बोटे यांना १९५४ मध्ये ते मिळाले. रॉसी व ओक्कियालिनी यांच्या वाट्याला ते आले नाही, ही उणीव डोळ्यांत भरते.

कोऱ्या छायाचित्रांचा अपव्यय टळला खरा. परंतु अंदाजाने काढलेली छायाचित्रे निदान निःपक्षपाती होती. दप्तरात काय नोंदवावे हे कारकुनाने आधीच ठरवावे, तसे ट्रिगरचे आहे. अट न पाळणारी घटना नोंदलीच जात नाही. म्हणूनच अट कोणती, हा इतिहासकाराचाही प्रश्न ठरतो.

कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे २,३०० मीटर खोलीवर, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ओसाका व डरहॅम येथील शास्त्रज्ञांसह मांडलेल्या प्रयोगात ही अट विचारपूर्वक योजलेली दिसते. तेथे प्रस्फुरकांच्या दोन उभ्या भिंती समोरासमोर होत्या. दोन्ही एकदम स्पंदल्या तरच मधल्या निऑन नळ्यांना उच्च विद्युत्दाब मिळे व छायाचित्र निघे. वातावरणातून एवढ्या खोल पोहोचणारे म्युऑन बहुधा सरळ वरून येतात. न्यूट्रिनोंनी खडकात निर्माण केलेले म्युऑन आडवेही येतात. १९६५ मध्ये वातावरणीय न्यूट्रिनोंची नोंद प्रसिद्ध झाली, ती या आडव्या म्युऑनांवरून. सरळ खाली उतरणारा म्युऑन दोन्ही भिंतींना छेदत नसे, आणि त्याचे छायाचित्रही निघत नसे.